आश्रमशाळांची राखण कोणी करावयाची?

(चंद्रपूर-गडचिरोली भागातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

गडचिरोली जिल्ह्यात ‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोलीस मदत केंद्र उभे राहते, काटेरी तारेचे कुंपण उभे राहते, रस्त्याच्या कडेने चालणारी जवानांची रांग उभी राहते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. तेव्हापासून या भागाच्या सुरक्षेवर झालेला विचार आणि खर्च प्रामुख्याने बंदुकीच्या अंगाने झाला. परंतु याच जिल्ह्यात आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात हजारो आदिवासी मुले-मुली दररोज रात्री घरापासून दूर, शासनाच्या किंवा शासनमान्य संस्थेच्या छपराखाली झोपतात. त्यांच्या सुरक्षेचा विचार कोणी करावयाचा, हा आजचा विषय आहे.

आश्रमशाळा म्हणजे काय, हे या भागातील कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. तथापि शहरात बसून धोरणे आखणाऱ्यांना एक गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते. शहरातील मूल सकाळी शाळेत जाते आणि संध्याकाळी घरी येते. दिवसभरात काही विपरीत घडले, तर रात्री आईच्या कुशीत ते बोलून दाखविण्याची संधी त्याला मिळते. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील सहा वर्षांची माडिया मुलगी जूनच्या अखेरीस पत्र्याची पेटी घेऊन आश्रमशाळेत येते. तिची आई तिला पुन्हा भेटते ती सणासुदीला किंवा सुटीत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो, तेव्हा तर तेवढीही भेट होत नाही. त्या मुलीचे शिक्षक, पालक, स्वयंपाकी, वैद्य आणि पहारेकरी ही सर्व नाती एकाच संस्थेच्या हाती एकवटलेली असतात. अनेक ठिकाणी जी खोली दिवसा वर्ग असते तीच रात्री निवासाची खोली होते. अशा ठिकाणी गुन्हा घडला, तर ज्याच्याकडे तक्रार करावयाची तोच गुन्हेगार, किंवा गुन्हेगाराचा वरिष्ठ, किंवा त्याचा सोबती असण्याचा संभव असतो.

ही केवळ कल्पनेतील भीती नाही. जानेवारी २०१३ मध्ये गडचिरोलीला लागून असलेल्या, छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातील एका शासकीय कन्या आश्रमातील लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. त्या प्रकरणी अटक झाली ती आश्रमाच्या चौकीदाराला आणि एका शिक्षकाला. ज्याला राखणीसाठी नेमले तोच आरोपी ठरला. २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतील प्रकरण बाहेर आले, ते दिवाळीच्या सुटीत घरी गेलेल्या मुलीने पोट दुखत असल्याचे सांगितले तेव्हा. एप्रिल २०१९ मध्ये खुद्द चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा येथे तेच घडले. आदिवासी मुलांना खासगी इंग्रजी शाळांत प्रवेश देऊन त्यांचे शुल्क शासनाने भरावयाचे, अशी एक योजना आहे. त्या योजनेखाली एका संस्थेच्या वसतिगृहात ठेवलेल्या मुलींची प्रकृती बिघडली. त्यांना रुग्णालयात नेले, तेथे डॉक्टरांना संशय आला आणि मगच गुन्हा नोंदविला गेला. वसतिगृहाच्या अधीक्षकासह कर्मचाऱ्यांना अटक झाली.

या घटनांत एक समान सूत्र आहे आणि ते बारकाईने पाहिले पाहिजे. खामगावचे प्रकरण घरी उघड झाले, राजुऱ्याचे रुग्णालयात. संस्थेच्या आवारात ते उघड झाले नाही. संस्थेचा तपासणी अहवाल, तक्रारपेटी, समितीची बैठक यांपैकी कशानेही ते बाहेर आणले नाही. जेथे तिचे दुखणे समजून घेणारे कोणी होते, तेथेच ते मूल बोलले किंवा त्याच्या शरीराने सांगितले. शाळेच्या सुरक्षेचे कोणतेही धोरण या अनुभवापासून सुरू झाले पाहिजे. दुर्दैवाने ते तेथून सुरू होत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाला म्हणून लोक रेल्वेमार्गावर उतरले. २१ ऑगस्ट रोजी राज्य शासनाने निर्णय काढला. महिन्याभरात सर्व शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, कर्मचाऱ्यांच्या चारित्र्याची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, तक्रारपेट्या ठेवाव्यात, सखी सावित्री समित्या कार्यरत कराव्यात, विद्यार्थी सुरक्षा समित्या स्थापन कराव्यात, असे त्यात सांगितले. यांतील एकही गोष्ट वाईट नाही. किंबहुना तक्रारपेटीचा आदेश २०१७ चा आणि सखी सावित्री समितीचा २०२२ चा. तेव्हाच ते पाळले गेले असते, तर २०२४ मध्ये त्यांची आठवण करून देण्याची वेळ आली नसती. परंतु हे उपाय जंगलातील आश्रमशाळेच्या दारात नेऊन ठेवले की त्यांचे काय होते, ते पाहावे.

प्रथम कॅमेरा. कॅमेऱ्याला वीज लागते. पावसाळ्यात दक्षिण गडचिरोलीतील गावे वीज खंडित झाल्याने अंधारात बुडतात, हे शासनाला ठाऊक नाही असे नाही. मुली जेथे झोपतात, कपडे बदलतात, आंघोळ करतात, तेथे कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. गुन्ह्याची जागा मात्र बहुधा तीच असते. शिवाय कॅमेरा स्वतः काही पाहत नाही, पाहणारा माणूस लागतो. चित्रण संस्थेच्याच कपाटात राहणार असेल, तर ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याच्याच हाती ते सोपविल्यासारखे होते. बदलापूरच्या शाळेतील आधीच्या पंधरा दिवसांचे चित्रण सापडत नसल्याचे तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनाच सांगावे लागले होते.

दुसरा उपाय चारित्र्य पडताळणीचा. पोलिसांचा दाखला एवढेच सांगतो की, या माणसावर पूर्वी गुन्ह्याची नोंद नाही. जेथे तक्रारच दडपली जाते, तेथे दाखला कोराच राहणार. आणि या भागाचा एक जुना अपमान येथे आठवतो. सरकारी नोकरीत ‘गडचिरोलीला पाठवीन’ ही धमकी समजली जाते. इतरत्र नकोशा झालेल्या माणसाची शिक्षा म्हणून येथे बदली करावयाची, ही रूढी आहे. ज्याला शिक्षा करावयाची त्याला आदिवासींच्या मुलांमध्ये नेऊन सोडावयाचे, यात त्या मुलांचे मोल काय धरले आहे, याचा विचार बदलीच्या आदेशावर सही करणाऱ्याने कधी केला आहे काय?

तिसरा उपाय तक्रारपेटीचा. पेटीत चिठ्ठी टाकावयाची तर लिहिता यावे लागते, तेही मराठीत. पहिली-दुसरीतील मूल घरी माडिया किंवा गोंडी बोलते, आणि त्या भाषेत त्याच्याशी बोलणारा एकही मोठा माणूस अनेकदा शाळेत नसतो. कायद्याने ही अडचण ओळखलेली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यातील १९ व्या कलमाने, मुलाला समजत नसलेल्या भाषेत नोंद होत असल्यास त्याला दुभाषा देणे बंधनकारक केले आहे. पण तो दुभाषा पोलीस ठाण्यात पोहोचल्यावर मिळणार. मूल ठाण्यापर्यंत पोहोचावयाचे तर शाळेतच त्याची भाषा समजणारे कोणी असावयास हवे.

साथींनो, कोणी विचारील की, मग कायदा कडक का करू नये? कायदा पुरेसा कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात फाशीचीही तरतूद झाली. बदलापूरच्या प्रकरणात तर खटला चालण्यापूर्वीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीने मारला गेला. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूस पाच पोलिसांना जबाबदार धरले. काही लोकांनी पेढे वाटले. परंतु त्या बालिकांना काय मिळाले? त्या माणसाचा गुन्हा न्यायालयात सिद्ध होण्याचा आणि त्याला पाठीशी घालणारे कोणी होते काय, हे त्याच्या उलटतपासणीतून बाहेर येण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. ताब्यातील माणसाचे उत्तरदायित्व शासनावर असते, हे तत्त्व एका बाजूला मोडले की दुसऱ्या बाजूलाही ते टिकत नाही.

आणि हे तत्त्व या देशाला शिकविले ते याच मातीने. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. खटल्याला त्या मुलीचे नाव पडले. ते नाव येथे पुन्हा घेण्याचे कारण नाही. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केली नाही, म्हणून संमती होती, असा तो तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. रात्रीच्या वेळी ठाण्याची दारे बंद असताना एक गरीब मुलगी पोलिसापुढे कशी ओरडणार, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्या पत्रातून देशभर स्त्रियांची चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला.

त्या बदलाचा अर्थ कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. कायद्याने प्रथमच मान्य केले की, ज्याच्या ताब्यात दुसरा माणूस असतो त्याची जबाबदारी इतरांहून अधिक असते. अशा ताब्यातील अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय तिचे म्हणणे गृहीत धरील, आणि उलट सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर राहील. हा नियम केवळ पोलिसांपुरता ठेवला नव्हता. तुरुंग, रुग्णालये, तसेच स्त्रिया आणि मुलांसाठी चालविलेल्या संस्था यांचे व्यवस्थापक आणि कर्मचारीही त्यात आले. २०१२ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. शिक्षणसंस्थेच्या कर्मचाऱ्याने केलेला अपराध अधिक गंभीर ठरविला. अपराधाची माहिती असून कळविली नाही, तर तोही गुन्हा केला, आणि संस्थेच्या प्रमुखाला आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. देसाईगंजच्या त्या मुलीने जे सोसले, त्यातून आश्रमशाळेतील आजच्या मुलींचे कवच घडले आहे. ते वापरले जात नाही, हे दुखणे आहे.

का वापरले जात नाही? कारण गुन्हा कळविणारा माणूस संस्थेत टिकू शकत नाही. शाळेतील शिक्षिका, स्त्री अधीक्षिका, कामाठी, स्वयंपाकी यांना सर्वांत आधी काही चाहूल लागते. त्यांतील कित्येकजण रोजंदारीवर किंवा तासिकेवर राबतात. मुख्याध्यापकाविरुद्ध किंवा संस्थाचालकाच्या नातेवाइकाविरुद्ध तोंड उघडणाऱ्या रोजंदार बाईला दुसऱ्या दिवशी काम मिळेल याची हमी कोण देतो? २०२५ साली आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांतील पदे बाह्यस्रोतांमार्फत भरण्याचे ठरविले, तेव्हा वर्षानुवर्षे राबलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले. तो प्रश्न केवळ पगाराचा आहे असे वृत्तपत्रांनी मानले. वस्तुतः तो मुलांच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. कंत्राटी कामगार वाईट चालीचा असतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. गरिबावर संशय घेणे ही श्रीमंतांची सवय आहे. अर्थ इतकाच की, कंत्राटदाराला त्या मुलांचे उत्तरदायित्व नसते आणि कंत्राटी माणसाला सत्य बोलण्याचे स्वातंत्र्य नसते. ज्याची नोकरी पक्की, त्याचीच साक्ष पक्की.

तेव्हा राखण कोणी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. उत्तरदायित्व शासनाचे, आणि त्यावर नजर गावाची. शासनाकडे मागावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. प्रत्येक निवासी शाळेत मुलींबरोबर राहणारी, कायम पदावरची स्त्री अधीक्षिका असलीच पाहिजे, आणि ते पद एक दिवसही रिकामे राहता कामा नये. लहान वर्गांसाठी गोंडी किंवा माडिया जाणणारी स्त्री कर्मचारी असावी. ठरावीक काळाने आरोग्य तपासणी व्हावी, ती संस्थेशी संबंध नसलेल्या स्त्री डॉक्टरने करावी. निवासाची खोली आणि वर्ग वेगळे असावेत. स्नानगृहाला आतून कडी असावी, शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा. या मागण्या ऐकावयास क्षुल्लक वाटतात. त्या क्षुल्लक असूनही पुऱ्या होत नाहीत, यातच शासनाची परीक्षा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने, आश्रमशाळांत दहा वर्षांत सुमारे ७४० मुले दगावल्याच्या बातम्यांवरून राज्य शासनाला नोटीस बजावली होती. जी व्यवस्था मुलाचा ताप वेळेवर ओळखू शकत नाही, ती त्याच्या मनातील भीती ओळखील, असे कसे मानावे?

गावाच्या नजरेला कायद्याचा आधार आहे. गडचिरोलीचा बहुतेक भाग आणि चंद्रपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला आणि योग्य स्तरावरील पंचायतींना देण्याची तरतूद केली. महाराष्ट्राचे त्यासंबंधीचे नियम २०१४ मध्ये झाले. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला आणि ते जंगल सांभाळून दाखविले. जी ग्रामसभा जंगलातील बांबूचा हिशेब ठेवू शकते, ती आश्रमशाळेच्या एका खोलीत जाऊन मुलींची विचारपूस करू शकत नाही काय? परंतु शाळेच्या फाटकावर तिला बाहेरची समजले जाते. याच तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये आपल्या मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून नोटीस दिली. मूल घराजवळ, आपल्या भाषेत शिकावे, ही इच्छा अनधिकृत, आणि ते दूरच्या वसतिगृहात मुके होऊन राहावे, ही व्यवस्था मात्र अधिकृत! गावाजवळची लहान शाळा टिकविणे हाही सुरक्षेचाच उपाय आहे, हे पटसंख्या मोजून शाळा बंद करावयास निघालेल्यांना बजावले पाहिजे.

आता काही कटू गोष्टी आपल्याच घरातल्या. अनुदानित आश्रमशाळांच्या अनेक संस्था राजकीय पुढाऱ्यांच्या किंवा त्यांच्या आप्तांच्या आहेत. त्यांत सर्व पक्षांचे लोक आहेत. राजुऱ्याच्या प्रकरणानंतर, नुकसानभरपाईच्या लोभाने तक्रारी होत आहेत, अशा आशयाची विधाने जबाबदार पुढाऱ्यांनी केली. मुलीच्या अब्रूची किंमत तिचे आईबाप लावतात, असे म्हणणाऱ्याला आदिवासी माणूस कळलेलाच नाही. परंतु दुसऱ्या पक्षाच्या संस्थेत गुन्हा घडला तर मोर्चा, आणि मित्रपक्षाच्या संस्थेत घडला तर शांतता, असे वर्तन समाजवादी कार्यकर्त्याच्या हातून घडले, तर त्या पुढाऱ्यांत आणि त्याच्यात फरक तो काय राहिला? गावातही हेच पाहावे लागते. पंच बसतात, रक्कम ठरते, ‘गावाची अब्रू’ म्हणून मुलीला गप्प केले जाते आणि पुढच्या वर्षी तिची शाळा सुटते. दोषी मोकळा आणि तिचे शिक्षण बंद, ही शिक्षा कोणाला झाली?

म्हणून काम नेमके असावे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक निवासी शाळेची माहिती कार्यकर्त्याजवळ असावी. स्त्री अधीक्षिका आहे की नाही, रात्री आवारात कोण राहते, मुलींच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, शेवटची आरोग्य तपासणी केव्हा झाली, एवढे जरी त्याने लिहून ठेवले तरी पुष्कळ. ग्रामसभेने ठराव करून आपल्या गावच्या मुली जेथे आहेत, तेथे दरमहा दोन आयांना पाठवावे. त्यांचा प्रवासखर्च मागावा, न मिळाल्यास वर्गणी करावी. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या स्त्रियांना दिल्या आहेत. त्या कागदावर न ठेवता बसून भराव्यात. आणि एखादी मुलगी बोललीच, तर तिला दहा जणांपुढे पुनःपुन्हा सांगावयास लावू नये. तिचे नाव सभेत घेऊ नये, छायाचित्र छापू नये. सरळ तक्रार नोंदवावी आणि निकाल लागेपर्यंत त्या कुटुंबाबरोबर न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्यात. मोर्चा एका दिवसाचा असतो, खटला वर्षानुवर्षे चालतो. त्या घराला खरा आधार लागतो तो मोर्चा पांगल्यानंतर.

जूनमध्ये बाप आपल्या मुलीला आश्रमशाळेच्या कार्यालयात उभी करतो. प्रवेश अर्जावर अंगठा उठवतो आणि पेटी ठेवून दहा कोस परत चालू लागतो. त्या अंगठ्याने त्याने आपले मूल शासनाच्या ताब्यात दिलेले असते. हे मूल जसे दिले तसे सुखरूप परत करीन, अशी सही त्याच कागदावर शासनाच्या वतीने कोणीतरी, नाव आणि हुद्द्यासह, केली पाहिजे. पुढच्या जूनपूर्वी प्रत्येक ग्रामसभेने ही एक मागणी ठरावात घ्यावी.